अणुभट्टीचा अपघात झाला तर "साफ करतील की", पण साफ म्हणजे नक्की काय करतात?

खाडीपलीकडची

नवीन अणुभट्ट्यांचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर हमखास एक वाक्य येतंच, "अपघात झालाच तर साफ करतील की, जपानने नाही का केलं". मी रबाळे एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघते, टाक्या आणि व्हेसल (रसायनांची मोठी बंद भांडी) साफ करणं हा रोजचाच विषय आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की गप्प बसवत नाही. जपानने अजून साफ केलेलं नाहीये. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमा दाइइची प्लांटच्या १, २ आणि ३ नंबरच्या भट्ट्यांमधलं इंधन वितळलं, आणि ते वितळलेलं इंधन आजही आतच आहे.

आमच्याकडे व्हेसल साफ करायचं तर आधी लाईन आयसोलेट, ब्लाइंड (पाईप बंद करणारी चकती) टाका, फ्लश करा, गॅस टेस्ट करा, मग एन्ट्री परमिट सही होतं, आणि माणूस आत उतरला की मॅनहोलपाशी दुसरा माणूस सतत उभा. पण मुळात आत काय आहे ते आम्हाला माहीत असतं. ड्रॉइंग असतं, मटेरियल कुठलं ते माहीत असतं, स्लज म्हणजे तळाचा गाळ किती इंच साचलाय ते वरून रॉड घालून कळतं. तरीही माणसं दगावतात, हे इथे टीटीसी बेल्टमध्ये, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

आता फुकुशिमा बघा. माणूस आत जाऊच शकत नाही. इंधन, ते ज्यात भरतात ती झिर्कोनियम धातूची नळी, स्टील, खालचं काँक्रीट सगळं वितळून एकमेकात मिसळून घट्ट झालंय, आणि ते नक्की कुठे किती आहे याचा पूर्ण नकाशा अजून नाही. अंदाज आहे साधारण ८८० टनांचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे साडेतेरा वर्षांनी, युनिट २ मधून पहिला नमुना बाहेर काढला, तो होता सुमारे ०.७ ग्रॅम. एप्रिल २०२५ मध्ये दुसरा काढला तो त्याहूनही छोटा. हे मी हिणवायला सांगत नाहीये, तो नमुना काढायला लोकांनी जिवाचं रान केलंय.

त्याच कामातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ते टेलिस्कोपसारखं लांबणारं यंत्र आत ढकलायचं होतं, त्यासाठी पाच पाईप एकामागे एक जोडायचे होते, ते चुकीच्या क्रमाने लागलेत हे ऐनवेळी लक्षात आलं आणि काम थांबलं. नंतर समजलं की ती मांडणी ठेकेदाराच्या माणसांनी केली होती आणि प्लांट चालवणाऱ्या कंपनीच्या कोणी जागेवर जाऊन तपासलीच नव्हती. पूर्ण तोंडावर मास्क, अंगावर सूट, शेजारी रेडिएशन, जितका वेळ थांबाल तितका डोस वाढतोय, अशा जागी पाईपवरचा नंबर दोनदा कोण वाचत बसणार? शटडाऊनमध्ये असलं मी कितीदा पाहिलंय.

माझं म्हणणं इतकंच की साफसफाई ही अपघातानंतरची गोष्ट नाहीये. कचरा कुठे ठेवणार, काम कोण करणार, पैसे कोण देणार, हे भट्टी बांधायच्या आधी विचारलं पाहिजे. बाकीच्यांना काय वाटतं? या क्षेत्रातलं कोणी असेल तर जरूर लिहा.

कोपरखैरणे_सेक्टर

ताई चांगलं लिहिलंय. पण मला एक कळत नाही की काढायचंच कशाला? चेर्नोबिलला काँक्रीटमध्ये गाडून टाकलं ना सरळ. तसंच करायचं, वर कुंपण घालायचं आणि विषय संपला. ०.७ ग्रॅमच्या हिशोबाने ८८० टन कधी निघणार?

नेरूळचा_निवृत्त

मी हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे रेडिएशनपासून माणसांना जपण्याच्या कामात नोकरी केली, अणुशक्तीनगरला आयुष्य गेलं, आता नेरूळला असतो. अणुऊर्जेचा मी समर्थक आहे हे आधीच सांगतो म्हणजे माझं बोलणं त्या हिशोबाने वाचता येईल.

कोपरखैरणे, चेर्नोबिलला विषय संपलेला नाही. २६ एप्रिल १९८६ चा अपघात, त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत घाईघाईत ते काँक्रीट आणि स्टीलचं झाकण उभं केलं. घाईत म्हणजे खरंच घाईत, कारण जवळ जाऊन नीट वेल्डिंग करणंच शक्य नव्हतं, बरेच भाग नुसते एकमेकांवर टेकवलेले. मग फटीतून पावसाचं पाणी आत जायला लागलं, छप्पर पडेल ही भीती. म्हणून त्यावर दुसरी कमान बांधली, १०८ मीटर उंच, बाजूला उभी करून २०१६ मध्ये रुळांवरून सरकवत आणून बसवली. तिचं आयुष्य धरलंय १०० वर्षं. इंधन आतच आहे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या कमानीवर ड्रोन आदळलं, भोक पडलं, आग आतल्या थरात धुमसत राहिली. शंभर वर्षं काय काय घडेल हे डिझाइन करणाऱ्याला सांगता येत नाही. झाकलं म्हणजे मुदत वाढवून घेतली, एवढंच.

फुकुशिमात तर झाकूनही भागणार नाही कारण खालून पाणी वाहतंय. डोंगराकडून समुद्राकडे जमिनीखालचं पाणी येतं ते थेट इमारतींच्या तळघरात शिरतं. ते अडवायला त्यांनी जमीनच गोठवली, दीड किलोमीटर लांब आणि ३० मीटर खोल बर्फाची भिंत, पाईपमधून उणे ३० अंशाचं मिठाचं द्रावण फिरवून. तरी पाणी पूर्ण थांबलं नाही. सुरुवातीला रोज ४००-५०० टन दूषित पाणी तयार व्हायचं, आता शंभराच्या खाली आलंय.

काम जमलेलं उदाहरणही सांगायला पाहिजे. थ्री माइल आयलंड, अमेरिका, २८ मार्च १९७९. निम्मं इंधन वितळलं होतं. ते त्यांनी काढलं, १९८५ ला सुरू करून १९९० पर्यंत, आणि आयडाहोला नेऊन ठेवलं. का जमलं? कारण इंधन मुख्य भांड्याच्या बाहेर पडलं नव्हतं. भांडं पाण्याने भरलेलं ठेवता आलं, पाणी रेडिएशन अडवतं, वर प्लॅटफॉर्मवर उभं राहून लांबच लांब दांड्यांच्या अवजारांनी खालचा मलबा तोडून उचलायचा. पण तिथेही काय झालं बघा, त्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढले, पाणी इतकं गढूळ झालं की कॅमेऱ्याला काही दिसेना, काम अडलं. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून ते मारावे लागले. अपघातग्रस्त भट्टीच्या पाण्यात जीव वाढतील हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं.

फुकुशिमात भांडं फुटलंय, बाहेरचं कंटेनमेंट (भांड्याभोवतीचं संरक्षक कवच) गळतंय, म्हणून ते पाण्याने भरता येत नाही आणि ही पद्धत तिथे तशीच चालत नाही. खरा फरक इथे आहे.

खाडीपलीकडची

काका, सूक्ष्मजीवांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. माणसांच्या डोसबद्दल लिहाल का? ते बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं.

नेरूळचा_निवृत्त

लिहितो. आपल्याकडे कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेला डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० ही मर्यादा आहे. जपानमध्ये अपघाताच्या वेळी आणीबाणीची मर्यादा १०० वरून २५० केली होती.

आता काम कसं होतं ते सांगतो. समजा एका व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलायचंय आणि त्या जागी डोस जास्त आहे. आम्ही कामाचं मॅन-रेम बजेट काढायचो, म्हणजे सगळ्या माणसांना मिळून किती डोस लागेल त्याचा हिशोब. बाहेर तसाच व्हॉल्व्ह ठेवून सराव, कुठला पाना आधी, कुठला नंतर, कोण काय हातात देणार. मग कॉटनचे हातमोजे, त्यावर रबरचे, मनगटाला टेप, छातीवर डोस नोंदवणारा टीएलडी बॅज आणि सोबत डोसीमीटर. बाहेर आमचा माणूस घड्याळ घेऊन. वेळ झाली की ओरडायचं आणि आतल्याने बाहेर यायचं, नट अर्धा फिरवलेला असला तरी. पुढचा माणूस जाऊन तो नट पूर्ण करणार. बाहेर आल्यावर एकेक थर उलटा करत काढायचा म्हणजे बाहेरची बाजू अंगाला लागत नाही.

हे चालू, धड प्लांटमधलं झालं. अपघातात यातलं काही हाताशी नसतं, कुठे किती डोस आहे तेच माहीत नसतं. चेर्नोबिलच्या छपरावर भट्टीतल्या ग्रॅफाइटचे तुकडे पडले होते, यंत्रं पाठवली ती रेडिएशनने बंद पडली, मग सैनिकांना फावडी देऊन वर पाठवलं, मिनिटभर, काहींना त्याहून थोडं जास्त. एक दोन फावडी मारायची आणि पळत खाली. त्या सगळ्या सफाईत एकूण जवळपास ६ लाख लोक वापरले गेले. मी "वापरले गेले" हेच लिहीन.

कोपरखैरणे_सेक्टर

६ लाख??

नेरूळचा_निवृत्त

हो. सैनिक, खाणकामगार, ड्रायव्हर, स्वयंपाकी सगळे धरून, काही वर्षांत मिळून. सगळ्यांना सारखा डोस नव्हता, बऱ्याच जणांना कमी होता. पण तंत्रज्ञान नसलं की माणसं वाढवून डोस वाटून घ्यावा लागतो, दुसरा मार्गच नसतो.

मीनल_घोडबंदर

मला त्या पाण्याबद्दल विचारायचं होतं. समुद्रात सोडलं ना ते? माझ्या सासूबाईंनी तेव्हा बातम्या बघून घरात सुरमई आणायची बंद केली होती, मी समजावलं की जपान कुठे आणि आपण कुठे, पण मलाही नक्की माहिती नव्हती.

खाडीपलीकडची

मीनल, सोडतायत, २४ ऑगस्ट २०२३ पासून, थोडं थोडं करून, अजून कित्येक वर्षं चालणार आहे. हजारच्या वर टाक्या भरल्या होत्या, साधारण १३ लाख टन पाणी. आधी ते फिल्टर करतात, सिझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे बरंचसं निघतं, ट्रिटियम मात्र निघत नाही कारण तो हायड्रोजनचाच प्रकार आहे, पाण्याच्या रेणूतच बसलेला असतो. म्हणून समुद्राचं पाणी मिसळून लिटरला १५०० बेक्वेरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) खाली आणून सोडतात. तुलनेसाठी, पिण्याच्या पाण्यासाठी डब्ल्यूएचओची मार्गदर्शक पातळी १०,००० आहे. त्यामुळे आपल्या बाजारातल्या सुरमईला काही धोका नाही, सासूबाईंना सांगा बिनधास्त खा.

दिवा_कोळीवाडा_ऐरोली

ताई तुमचे आकडे बरोबर असतील, मी भांडत नाय. पण मच्छीवाल्याच्या बाजूने पण बघा. आमच्या खाडीत कंपन्यांचं पाणी आलं, मासे मेले की पेपरात फोटो येतो, आणि मग महिनाभर चांगला मासा पण कोण घेत नाय. टेस्टचा रिपोर्ट घेऊन बाजारात बसता येतं का? गिऱ्हाईक टोपलीकडे बघतं, रिपोर्टकडे नाय. त्या जपानच्या कोळ्यांचं तेच झालं असणार. पाणी साफ असलं तरी धंदा गेला तो गेला.

खाडीपलीकडची

अगदी बरोबर दादा. तिथल्या मच्छीमार संघटनांचा विरोध शेवटपर्यंत याच मुद्द्यावर होता, की इतकी वर्षं घालून आम्ही विश्वास परत मिळवला तो तुम्ही घालवताय. सरकारने त्यांच्यासाठी दोन फंड केले, मिळून ८० अब्ज येन. आणि पाणी सोडायला सुरुवात केल्या दिवशीच चीनने जपानचा सगळा मासा बंद केला.

नेरूळचा_निवृत्त

मी याबाबतीत थोडा वेगळा आहे. ट्रिटियमवर जगभर एवढी भीती घातली गेली की खरे कठीण प्रश्न बाजूला पडले. ट्रिटियमचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, १२ वर्षांच्या आसपास, चालू प्लांटही ते नियमात राहून सोडतात. त्यापेक्षा फिल्टरमध्ये अडकलेला गाळ बघा. सिझियम, स्ट्रॉन्शियम पाण्यातून निघालं म्हणजे नाहीसं झालं नाही, ते त्या गाळात आणि फिल्टरमध्ये आलं, आणि तो आता तिथेच डब्यांमध्ये साठवलाय. त्यावर कोणी बातमी करत नाही.

दिवा_कोळीवाडा_ऐरोली

काका ते पटलं. पण भीती घातली म्हणून नाय वाढली, आधी लपवलं म्हणून वाढली. वितळलंय हे कबूल करायला त्यांनी दोन महिने लावले होते ना?

नेरूळचा_निवृत्त

हो, कंपनीने मे महिन्यात मान्य केलं. यावर मला काही बचाव करायचा नाही.

ठाणे_तोक्यो_ठाणे

मी आयटीत, काही वर्षं तोक्योत होतो, आता परत पाचपाखाडीला. मातीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मी ती डोळ्यांनी बघितलीये. जोबान एक्स्प्रेसवेने वर जाताना रस्त्याच्या कडेला रेडिएशनचे बोर्ड लागतात, आपल्याकडे प्रदूषणाचे असतात तसे डिजिटल, मायक्रोसिव्हर्ट प्रति तास. काही पट्ट्यात आकडा एकदम वर जातो आणि दोन बोर्डांनंतर खाली येतो. बाहेर सगळं हिरवंगार, काहीच दिसत नाही, फक्त आकडा बदलतो. आणि मग शेतात काळ्या पिशव्या, एकावर एक रचलेल्या, लांबपर्यंत. माझ्यासोबतचा जपानी मित्र त्या भागातला नव्हता, पण तो तेवढा वेळ एक अक्षर बोलला नाही.

झालं असं की सिझियम मातीच्या वरच्या ५ सेंटीमीटरमध्ये चिकटून बसतं, म्हणून शाळेची मैदानं, शेतं, अंगणं सगळीकडे वरची माती खरवडून पिशव्यांत भरली. छपरं पुसली, पन्हळी साफ केल्या, रस्ते प्रेशर वॉटरने धुतले. पन्हळीत आणि पन्हळीचं पाणी जिथे पडतं तिथे सगळ्यात जास्त निघायचं म्हणे. एकूण १ कोटी ४० लाख घनमीटरच्या आसपास माती जमा झाली. ती आता ओकुमा आणि फुताबा या गावांत ठेवलीये, प्लांटच्या भोवती. कायदा असा आहे की मार्च २०४५ पर्यंत ती फुकुशिमा प्रांताच्या बाहेर नेऊन कायमची ठेवायची. कुठे? जागा ठरलेली नाही. कमी रेडिएशनवाली माती रस्त्यांच्या भरावात वापरू म्हणून तोक्योच्या शिंजुकु ग्योएन बागेत चाचणी करायचं ठरवलं तर तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. ज्या शहराने त्या प्लांटची वीज वापरली त्याच शहरात. दिव्याच्या डम्पिंगवरून आपल्याकडे इतकी वर्षं काय चाललं होतं ते आठवा, साधा कचरा कुठल्या गावाने घ्यायचा हे आपल्याला ठरवता येत नाही.

आणि जंगल तर साफ केलंच नाही. घरांपासून साधारण २० मीटरपर्यंत पालापाचोळा काढला, त्यापुढे सोडून दिलं कारण प्रांताचा ७० टक्के भाग जंगल आहे, करणार काय.

मीनल_घोडबंदर

बापरे. मग लोक परत गेले का?

ठाणे_तोक्यो_ठाणे

थोडे. दीड लाखाच्या वर लोक बाहेर पडले होते. फुताबा गावात राहायला परवानगीच ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाली, तीही काही भागात. अकरा वर्षांत मुलं दुसऱ्या शहरात मोठी झाली, नोकऱ्या तिकडे, म्हातारे वारले. परत येतात ते बहुतेक म्हातारे. परवानगी मिळाली तेव्हा दवाखाना नव्हता, दुकान नव्हतं, शेजारी नव्हते. माती खरवडली म्हणजे गाव परत येत नाही हे मला तिथे गेल्यावर कळलं, आधी मी पण आकडेच बघायचो.

बोईसर_अप_डाऊन

तुम्ही सगळे जपानचं बोलताय, मी रोज ठाण्याहून बोईसरला जातो. तारापूर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, अमेरिकन बॉइलिंग वॉटर, म्हणजे फुकुशिमाच्याच जातीच्या आणि जुन्या. प्लांटला लागूनच एमआयडीसी, तिथे किती बाहेरगावचे हेल्पर भाड्याच्या खोल्यांत राहतात त्याची नोंद तरी कुठे असेल का? काही झालं तर यांना कोण शोधणार? आणि पुढच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, त्या लोकांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी अजून आहेत. अपघात न होता ही परिस्थिती आहे.

नेरूळचा_निवृत्त

तारापूरला २०११ नंतर बाहेरून पाणी भरण्याची सोय वगैरे सुधारणा झाल्या, आणि १६ किलोमीटरपर्यंतचा आणीबाणीचा आराखडा असतो, सराव होतात. त्सुनामीचा धोकाही जपानसारखा नाही. पण बोईसरच्या मुद्द्यावर मी सहमत आहे, आराखड्यात रहिवासी मोजलेले असतात, खोलीवर राहणारा हेल्पर मोजलेला असतोच असं नाही.

आणखी एक, जे मला स्वतःला सतावतं. माती खरवडायची पद्धत जपानला चालली कारण तिथल्या बऱ्याच मातीत अभ्रकासारखी खनिजं आहेत, सिझियम त्यात अडकून बसतं. कोकणातल्या जांभ्या मातीत ती पकड तितकी घट्ट नसते. आणि आपला पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अपघात झाला तर भातखाचरात गुडघाभर पाणी, खरवडणार काय? बांधावरून एका शेतातलं पाणी दुसऱ्यात, तिथून ओहोळात, खाडीत. चार महिने वाट बघावी लागेल आणि तोवर ते पसरलेलं असेल. जपानमध्ये २०१९ च्या वादळात काही मातीच्या पिशव्या पुरात वाहून गेल्या होत्या, तो एका वादळाचा पाऊस. आपल्या हवामानाचा आणि मातीचा विचार करून सफाईचा वेगळा आराखडा हवा असं मी नोकरीत असतानाही म्हणायचो.

खाडीपलीकडची

काका हे फार महत्त्वाचं आहे, मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पैशाचं मी थोडक्यात सांगते. जपान सरकारचा एकूण खर्चाचा अंदाज, भरपाई, माती, भट्ट्या सगळं धरून, २३ लाख कोटी येनच्या वर गेलाय. आपल्याकडे २०१० च्या कायद्यात ऑपरेटरची जबाबदारी १५०० कोटी रुपयांपर्यंत ठरवली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

दिवा_कोळीवाडा_ऐरोली

काका एक विचारू का. उद्या इकडे काही झालं तर मासा चांगला की वाईट ते सांगणार कोण? प्लांटवालेच सांगणार ना? त्यावर आमचा कोण विश्वास ठेवेल?

ठाणे_तोक्यो_ठाणे

दादा, फुकुशिमाजवळ इवाकी शहरात आयांनी मिळून स्वतःची लॅब काढली २०११ मध्येच, ताराचिने नावाची. भाजी, मासा, माती, काहीही घेऊन या, मोजून देतात. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे कारण त्या स्वतः तिथेच राहतात, त्यांची मुलं तेच खातात.

नेरूळचा_निवृत्त

आपल्याकडे प्रत्येक प्लांटजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, मासे, दूध, भाजी, पाणी सगळं तपासतात, काम प्रामाणिकपणे करतात हे मी खात्रीने सांगतो, माझे सहकारी होते. पण दादाचा प्रश्न खरा आहे, ती प्रयोगशाळा बीएआरसीची (भाभा अणु संशोधन केंद्राची), म्हणजे त्याच अणुखात्याची.

ऑनलाइन मिळणारा गायगर काउंटर घेऊन मासा मोजता येत नाही हे आधी लक्षात घ्या, तो फार ढोबळ असतो. त्याला गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो. मासा साफ करून, मांस बारीक करून ठरावीक डब्यात भरायचं, शिशाच्या जाड आवरणात डिटेक्टरवर ठेवायचं आणि तासन् तास मोजत बसायचं, तेव्हा सिझियम किती ते कळतं. ट्रिटियमला तर वेगळंच मशीन. सोडियम आयोडाइडचा साधा डिटेक्टर मात्र एखाद्या कॉलेजच्या फिजिक्स डिपार्टमेंटला परवडू शकतो. आणि तो अपघातानंतर आणून उपयोग नाही, आजच्या माशाचा आकडा आधी नोंदलेला पाहिजे, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार.

खाडीपलीकडची

काका, वाशीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारी माझी मैत्रीण आहे, तिला विचारते. दादा, ऐरोलीच्या खाडीतला मासा नमुन्याला द्याल का?

दिवा_कोळीवाडा_ऐरोली

देईन की. बोय, निवटी, कोळंबी, जे पाहिजे ते. फक्त भरती-ओहोटी बघून दोन दिवस आधी सांगा.